आयुर्वेदिक उत्पादनांची जागतिक बाजारपेठ: देश बदलला की वस्तूचे नाव बदलते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ एका छोट्या कारखान्याचे मालक आहेत. च्यवनप्राश, अश्वगंधा चूर्ण, त्रिफळा चूर्ण आणि तुळशीचा हर्बल चहा अशी चार उत्पादने ते तयार करतात आणि देशात त्यांची विक्री बरी आहे. आयुर्वेदाची जागतिक बाजारपेठ येत्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढणार असल्याचे अहवाल वाचून त्यांना आता निर्यातीत उतरायचे आहे. हे आकडे कितपत खरे मानावेत, चारपैकी कोणते उत्पादन आधी न्यावे, आणि भारतातला परवाना परदेशात पुरतो का, अशा तीन गोष्टी त्यांनी विचारल्या आहेत. वनौषधी उत्पादनांची गुणवत्ता तपासणे आणि निर्यातीची कागदपत्रे तयार करणे हेच माझे गेल्या बावीस वर्षांचे काम आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का नाही हे समजले की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरेही त्यातूनच निघतात.

आधी आकड्यांबद्दल. बाजार-अहवाल देणाऱ्या संस्थांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, याचे कारण त्या एकाच गोष्टीची मोजणी करत नाहीत. कोणी त्यात दंतमंजन आणि केशतेल धरतो, कोणी पंचकर्म केंद्रांचे उत्पन्न मिळवतो, तर कोणी भारतातला देशांतर्गत खपही 'जागतिक' या शब्दाखाली घालतो. जकातीच्या नोंदींतून खरे चित्र मिळावे, तर तिथेही तीच अडचण आहे. आयुर्वेदिक औषध म्हणून गेलेला माल जकातीच्या वर्गीकरणातील 3003 किंवा 3004 या क्रमांकाच्या शीर्षकाखाली नोंदला जातो, वाळलेली मुळे आणि पाने 1211 खाली, अर्क 1302 खाली, आहारातील तयार मिश्रणे 2106 खाली आणि हळद 0910 खाली. म्हणजे अश्वगंधेचे एकच मूळ अखंड, अर्काच्या रूपात किंवा कॅप्सूलमध्ये भरून असे तीन प्रकारे निघाले, तर त्याची नोंद तीन वेगवेगळ्या ठिकाणी होते.

तरीही दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत असे मला वाटते. आरआयएस या दिल्लीतील संशोधन संस्थेने 2021 च्या अहवालात भारतातील आयुष उत्पादन-उद्योगाचा आकार 2020 मध्ये 18.1 अब्ज डॉलर असल्याचे म्हटले होते. भारताची आयुष आणि वनौषधी उत्पादनांची निर्यात मात्र 2023-24 मध्ये सुमारे 65 कोटी डॉलर होती, आणि त्यातही इसबगोलासारख्या कच्च्या किंवा अर्धप्रक्रिया केलेल्या मालाचा वाटा मोठा आहे. दोन्ही मोजण्यांच्या व्याख्या सारख्या नाहीत हे मान्य केले, तरी देशातल्या उलाढालीच्या तुलनेत बाहेर जाणारा तयार माल फारच थोडा आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. मागणी कमी आहे म्हणून असे घडत नाही. अमेरिकन बोटॅनिकल कौन्सिलच्या विक्री-अहवालानुसार अमेरिकेच्या सर्वसामान्य दुकानांत अश्वगंधेची विक्री 2021 या एका वर्षात तिपटीहून अधिक झाली. माल का अडतो, हे पाहायचे तर कायद्याच्या दारापाशी जाऊन उभे राहावे लागते.

भारतात तुमच्या च्यवनप्राशाची ओळख स्पष्ट आहे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे ग्रंथ दिले आहेत, त्यांतील पाठाप्रमाणे, म्हणजे कृतीप्रमाणे, बनवलेले ते शास्त्रोक्त औषध आहे आणि त्याचा परवाना राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मिळतो. मे 2022 पासून दुसरे दारही उघडले आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 'आयुर्वेद आहार' हा स्वतंत्र वर्ग नियमांत आणला. ग्रंथांतील कृती, घटक किंवा प्रक्रिया यांनुसार तयार केलेले खाद्यपदार्थ त्या वर्गात येतात, त्यांना स्वतंत्र बोधचिन्ह लावावे लागते आणि बाहेरून जीवनसत्त्वे, खनिजे किंवा अमिनो आम्ले मिसळता येत नाहीत. भस्मे, पिष्टी आणि अनुसूची ई-1 मधील विषारी द्रव्ये त्यातून वगळलेली आहेत, रोजच्या जेवणातले साधे पदार्थही वगळलेले आहेत, आणि दोन वर्षांखालील बालकांसाठी असा आहार विकता येत नाही. हा नियम चांगला आहे, कारण औषध आणि अन्न यांच्यामध्ये लोंबकळणाऱ्या कितीतरी उत्पादनांना त्यामुळे निदान देशात तरी एक नाव मिळाले.

मात्र हे नाव देशाच्या सीमेपर्यंतच चालते. अमेरिकेत 'आयुर्वेदिक औषध' असा वर्गच नाही. तिथे तुमचे चूर्ण 1994 च्या कायद्याखाली आहारपूरक म्हणून विकले जाते. एफडीए, म्हणजे तिथले अन्न व औषध प्रशासन, त्याला विक्रीपूर्व मंजुरी देत नाही, पण सुरक्षिततेची आणि लेबलवरील विधानांची संपूर्ण जबाबदारी उत्पादकावर असते. 15 ऑक्टोबर 1994 पूर्वी तिथे आहारपूरकात विकला जात नसलेला घटक असेल, तर विक्रीपूर्वी 75 दिवस आधी सूचना द्यावी लागू शकते. कारखान्याची एफडीएकडे नोंदणी लागते, अमेरिकेत राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो आणि आयातदाराला तुमची पडताळणी केल्याचे कागद ठेवावे लागतात. 'पचनाला साहाय्यक' असे म्हणता येते, पण 'बद्धकोष्ठता बरी करते' असे म्हटले की ते चूर्ण त्याच क्षणी मंजुरीविना विकलेले औषध ठरते.

युरोपीय संघात वाट आणखी अरुंद आहे. पारंपरिक वनौषधी म्हणून सोप्या पद्धतीने नोंदणी करायची, तर 2004 च्या निर्देशानुसार किमान 30 वर्षांचा औषधी वापर दाखवावा लागतो आणि सर्वसाधारणपणे त्यांतील 15 वर्षे युरोपीय संघातील असावी लागतात. चरकसंहितेत पाठ आहे हे सांगून तिथे काम भागत नाही, आणि अनेक द्रव्यांचा संयुक्त पाठ असलेल्या कल्पांना, म्हणजे तयार औषधांना, ही अट पुरी करणे फारच अवघड जाते. या निर्देशाची सवलतीची मुदत 30 एप्रिल 2011 रोजी संपली, तेव्हापासून बहुतेक आयुर्वेदिक माल तिथे अन्नपूरक म्हणूनच जातो. अन्नपूरक म्हटले की नव्या अन्नाचा नियम आड येतो. 15 मे 1997 पूर्वी युरोपीय संघात लक्षणीय प्रमाणात खाल्ली न गेलेली वनस्पती, किंवा वनस्पतीचा तो भाग, 'नवे अन्न' मानला जातो. आपल्याकडे हजारो वर्षे खाल्ला गेलेला पदार्थ तिथे नवा ठरतो, हे ऐकून नवे निर्यातदार संतापतात. त्या संतापाचा उपयोग नाही, पण त्याच नियमात तिसऱ्या देशातील पारंपरिक अन्नासाठी 25 वर्षांच्या सुरक्षित वापराचा पुरावा देऊन सूचना देण्याची सोपी वाट आहे, आणि तिचा विचार आपल्याकडे फार कमी लोक करतात.

हे सगळे तुमच्या च्यवनप्राशाला लावून पाहा. त्यात तूप आणि मध आहेत, म्हणजे ते प्राणिजन्य घटक असलेले संयुक्त उत्पादन झाले आणि युरोपीय संघात त्याला वनस्पतिजन्य चूर्णापेक्षा वेगळी प्रमाणपत्रे लागतात. घटकद्रव्यांची यादी चाळीसच्या पुढे जाते. त्यातील प्रत्येक वनस्पतीची ओळख, वापरलेला भाग आणि त्या देशातील स्थिती स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. एक घटक जरी अडला, तरी बरणी अडते. असाच धोका सारस्वतारिष्टासारख्या कल्पांत आहे. त्यात वेखंड असते, आणि बीटा-ॲसेरोन या घटकामुळे अमेरिकेने वेखंडाचा अन्नातील वापर 1968 पासून बंद केलेला आहे. त्याच कल्पात कुष्ठ, म्हणजे कोष्ठ असते, आणि ती वनस्पती सायटिस या धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून काढलेल्या कोष्ठाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. जटामांसी आणि कुटकी दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यांना परवाना लागतो. परदेशी गिऱ्हाईक शोधण्याआधी आपल्या पाठातील प्रत्येक द्रव्याची अशी पडताळणी करावी, हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेक जण ती पहिली खेप अडल्यावर करतात.

आता प्रयोगशाळेकडे येतो, कारण माझा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. 2004 साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. 2008 मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या 193 उत्पादनांच्या तपासणीतही सुमारे एक पंचमांश उत्पादनांत हे धातू सापडले. या दोन अभ्यासांनी आपल्या मालावर जो शिक्का बसवला, तो अजून पुसला गेलेला नाही. परदेशी खरेदीदार पहिल्या बैठकीत जडधातूंचा अहवाल मागतो, तो त्याचमुळे. भारत सरकारने 1 जानेवारी 2006 पासून केवळ वनस्पतिजन्य निर्यात-उत्पादनांची जडधातू तपासणी सक्तीची केली, ती याच पार्श्वभूमीवर.

परंतु अहवालावर 'मर्यादेत' असा शेरा आला म्हणजे झाले, असे समजू नका. मर्यादा कोणाची, हे आधी पाहावे लागते. एक साधा हिशेब करून दाखवतो. आयुर्वेदिक औषधांसाठी भारतात शिशाची मर्यादा 10 पीपीएम आहे, म्हणजे एका ग्रॅमला 10 मायक्रोग्रॅम. युरोपीय संघात अन्नपूरकांसाठी ती 3 पीपीएम आहे. समजा, तुमच्या त्रिफळा चूर्णात शिसे फक्त 1 पीपीएम निघाले. भारतात ते उत्तम, युरोपातही पास. आता ग्राहक रोज 5 ग्रॅम चूर्ण घेतो असे लेबलवर लिहिले आहे, म्हणजे त्याच्या पोटात दिवसाला 5 मायक्रोग्रॅम शिसे जाते. कॅलिफोर्नियाच्या 1986 च्या 'प्रपोझिशन 65' या कायद्यानुसार इशारा न छापता विकण्याची मर्यादा दिवसाला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. तुमचे उत्कृष्ट चूर्ण त्या मर्यादेच्या दहापट झाले. माल विकता येतो, पण इशारा छापावा लागतो, आणि तो न छापल्यास खासगी व्यक्तीसुद्धा दावा ठोकू शकते. पाऱ्याच्या बाबतीत भारताची मर्यादा 1 पीपीएम आणि युरोपीय संघाची 0.1 आहे. कॅडमियमच्या बाबतीत मात्र उलटे आहे, भारताची 0.3 ही मर्यादा युरोपच्या 1 पेक्षा कडक आहे. म्हणून 'परदेशी निकष कडक आणि आपले ढिले' असे सरसकट विधान मी करत नाही. एका देशासाठी काढलेला अहवाल दुसऱ्या देशाच्या कोष्टकाशी ताडून पाहिल्याखेरीज माल भरू नये, एवढेच खरे.

वनस्पतिजन्य मालात हे शिसे येते कुठून, असेही विचारले जाते. बहुतेक वेळा मातीतून. अश्वगंधेची मुळे उपटून नुसती झटकून वाळवली, तर बारीक तंतुमुळांना चिकटलेली माती थेट चूर्णात जाते. एकदा एका लॉटमध्ये शिसे चारच्या आसपास आले होते. पुढच्या लॉटच्या वेळी मुळे वाहत्या पाण्यात दोनदा धुऊन, तंतुमुळे काढून टाकून मगच दळली, तेव्हा तो आकडा एकच्या खाली आला. शेत तेच, माल देणारा तोच, फरक फक्त पाण्याचा. आम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण ही जुनी, स्वस्त तपासणी अशी माती लगेच पकडते. महागड्या यंत्रावर नमुना पाठवण्याआधी ती आपल्याच कारखान्यात करून घ्यावी.

दुसरी गोष्ट निर्जंतुकीकरणाची. चूर्णातील जिवाणूंची संख्या कमी करण्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरण्याची पद्धत जुनी आणि सोयीची आहे, पण युरोपीय संघात अन्नासाठी तिला बंदी आहे. 2020 मध्ये भारतातून गेलेल्या तिळात हा अंश सापडल्यानंतर तिथे शेकडो उत्पादने बाजारातून परत घेतली गेली, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांवर याच कारणाने कारवाई झाली. माझ्याही वाट्याला असा एक प्रसंग आला आहे. आम्ही वायू वापरलाच नव्हता, तरी एक खेप नाकारली गेली. चौकशीअंती कळले की दळणाचे काम दिलेल्या बाहेरच्या कंत्राटदाराने आम्हाला न सांगता माल वायूने प्रक्रिया करून दिला होता. वायू उडून जातो, मग कशाला कळते, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला, कारण युरोपातील तपासणीत इथिलीन ऑक्साइड आणि त्यापासून तयार होणारे 2-क्लोरोइथेनॉल यांची बेरीज मोजतात, आणि ते दुसरे रसायन मालात टिकून राहते. तेव्हापासून मी वाफेने निर्जंतुकीकरण करून घेतो. रंग आणि वास थोडा उतरतो, पण खेप परत येत नाही.

अर्कांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी अश्वगंधा निर्यात करायची म्हटल्यावर तो विषय येणारच. परदेशात ज्या अश्वगंधेला मागणी आहे, ती बहुतांशी विथॅनोलाइड या तिच्यातील क्रियाशील घटकाचे प्रमाण निश्चित केलेला अर्क आहे, चूर्ण नव्हे. हळदीचेही तेच. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन ते पाच टक्के असते, तर कॅप्सूलमधील अर्कात ते पंचाण्णव टक्क्यांपर्यंत नेलेले असते आणि शोषण वाढवण्यासाठी त्यात मिऱ्यातील पायपरीन घातलेले असते. ग्रंथात हळद आहे, हा अर्क नाही. इथे ग्रंथाधाराची मर्यादा ओळखावी लागते. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, ते आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करवले, आणि त्या लढाईत जुने लिखित पुरावेच कामी आले. पण ज्ञान जुने आहे हे सिद्ध करणे वेगळे आणि आजचा तीव्र अर्क सुरक्षित आहे हे सिद्ध करणे वेगळे. 2019 मध्ये इटलीत हळदीच्या पूरकांशी संबंधित यकृतदाहाचे रुग्ण नोंदले गेले. 2023 मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. त्या बंदीमागचे शास्त्रीय मूल्यमापन एकांगी होते असे माझे मत आहे, कारण मूळ, पान आणि अर्क यांच्यात त्यात पुरेसा फरक केलेला नाही. पण त्याची थोडी जबाबदारी आपल्याकडेही येते. आपल्याच व्यापारात स्वस्त पानांचा अर्क मुळाच्या नावाने खपवला जात होता, आणि 2021 मध्ये आयुष मंत्रालयाला पाने वापरू नका अशी सूचना उत्पादकांना द्यावी लागली. त्याच वर्षी मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांतील यकृतविकार नोंदवले, तेव्हा ती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हा वाद उभा राहिला. बॅचचा राखीव नमुना आणि वनस्पतीची ओळख पटवणारा क्रोमॅटोग्राफीचा अहवाल हाताशी असता, तर हा वाद एका दिवसात मिटला असता.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. च्यवनप्राश शेवटी न्या, आणि जिथे भारतीय ग्राहक मोठ्या संख्येने आहे व आयातदाराला अशा मालाची सवय आहे, अशाच बाजारात न्या. अश्वगंधा चूर्णाला स्पर्धा प्रचंड आहे आणि नियमांचे वारे सध्या उलटे आहे, त्यामुळे त्यावर पहिली गुंतवणूक करू नये. तुळशीचा चहा समजायला सोपा आहे, पण पानांवरील कीटकनाशकांचे अंश ही त्यातली खरी परीक्षा आहे. बाजारातून गोळा केलेल्या पानांवर ती उत्तीर्ण होणे कठीण, शेतकऱ्यांशी करार करून लागवड केली तरच तिकडे वळा. मी त्रिफळ्यापासून सुरुवात करीन. हिरडा, बेहडा, आवळा अशी तीनच द्रव्ये, तिन्ही फळे, म्हणजे मातीचा संपर्क मुळांपेक्षा कमी, आणि परदेशी खरेदीदाराला नाव ठाऊक असलेले. तेही स्वतःच्या छापील डब्यात नव्हे, तर तिथल्या एखाद्या प्रस्थापित कंपनीला घाऊक चूर्ण म्हणून. स्वतःचे नाव डब्यावर नसल्याचे वाईट वाटेल, पण लेबल, दावे आणि त्या देशातील नोंदणी यांचा भार त्या कंपनीकडे जातो, आणि तिच्या प्रश्नावल्या भरता भरता तुमचा कारखाना दोन वर्षांत तयार होतो. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेतील आयुष प्रीमियम मार्कसारखी प्रमाणपत्रे या काळात मिळवली तर बोलणी सोपी होतात. तो मार्क कोणत्याही परदेशी कायद्यातून सूट देत नाही, हे मात्र विक्रेत्यांना समजावून ठेवावे.

तुम्ही सोबत पाठवलेल्या लेबलच्या मसुद्यावर 'मधुमेह, संधिवात व निद्रानाशावर गुणकारी' अशी ओळ आहे. ती भारतातही काढा, कारण 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत मधुमेह आणि संधिवात दोन्ही आहेत. आणि येत्या बॅचपासून प्रत्येक घटकद्रव्याचा न दळलेला नमुना, तयार चूर्णाचा नमुना आणि माल कोणत्या शेतकऱ्याकडून किंवा आडतदाराकडून कोणत्या तारखेला आला याची नोंद, या तिन्ही गोष्टी एकाच बॅच क्रमांकाखाली बंद करून, उत्पादनाची मुदत संपल्यानंतर आणखी एक वर्षापर्यंत कोरड्या जागी ठेवायला लागा. निर्यातीचा पहिला ईमेल पाठवण्याआधी अशा किमान सहा बॅचेस तुमच्या कपाटात असाव्यात. खरेदीदाराचा माणूस कारखाना पाहायला येतो, तेव्हा तो सहसा तेच कपाट आधी उघडायला सांगतो.